सुई कुणाच्या हाती?

स्त्रीचा देह ही पुरुषसत्तेने लिहिलेली संहिता आहे, हे वाक्य मराठी समीक्षेत आता इतके रुळले आहे की ते एक विधान आहे आणि विधानाला पुरावा लागतो याचाच विसर पडावा. गोंदणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास पुढे येते. हनुवटीवरचा ठिपका, दंडावरचे तुळशीवृंदावन, मनगटाजवळचा विंचू, कोपराखाली कोरलेले नवऱ्याचे नाव या साऱ्यांचा अर्थ एकच लावला जातो : कुळाने, जातीने आणि नवऱ्याने स्त्रीच्या कातडीवर उमटवलेला मालकीचा शिक्का. दुसऱ्या बाजूला संस्कृतीचे अभिमानी आहेत. त्यांना तीच नक्षी ‘लोककला’ वाटते आणि तिची छायाचित्रे काढून झाली की त्यांचे कर्तव्य संपते. अलीकडे तिसरा एक पक्ष आला आहे. शहरातल्या वातानुकूलित दुकानात खांद्यावर फुलपाखरू काढून घेणारी तरुणी ही या पक्षाच्या मते देहस्वातंत्र्याची पताका, आणि तिची आजी मात्र रूढीची बळी. तिन्ही पक्षांचे एकमेकांशी कडाक्याचे मतभेद आहेत. तरीही एका बाबतीत ते एकाच अंधत्वाने पछाडलेले आहेत. तिघेही नक्षीकडे पाहतात, नक्षी मिरवणाऱ्या देहाकडे पाहतात. ती नक्षी टोचणाऱ्या हाताकडे कुणीही पाहत नाही. लेखनाची उपमा स्वीकारायची तर लेखक कोण, हा पहिला प्रश्न. संहितेचे पाठभेद हिरिरीने तपासणाऱ्या अभ्यासकांना तो इथेच कसा सुचत नाही, हे एक कोडेच आहे.

हा प्रश्न विचारण्यासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. तंजावर, कुंभकोणम, पापनाशम, तिरुवारूर, मायिलाडुदुरै या पट्ट्यातल्या भातशेतीच्या गावांत गोंदणाची सुई परंपरेने एका विशिष्ट स्त्रीच्या हाती होती, आणि त्या स्त्रीला नायिकेइतके महत्त्व देणारे नाटक याच प्रदेशाच्या मराठी दरबारात मराठीतून लिहिले गेले. मराठीच्या अभ्यासकाने तरी तंजावरचा हा दाखला विसरू नये.

तमिळमध्ये गोंदण्याला ‘पच्चै कुत्तुदल’ म्हणतात. पच्चै म्हणजे हिरवे, कुत्तुदल म्हणजे टोचणे. काजळी काळी असते, पण ती कातडीखाली उतरली की हिरवट निळी दिसू लागते; नाव त्या परिणामावरून पडले. हे काम करणारी बाई कुरवर जमातीची. तिला ‘कुरत्ती’ म्हणत. टोपल्या-सुपे विणणे, हात पाहून भविष्य सांगणे आणि गोंदणे अशी कसबे घेऊन ती गावोगाव फिरे. कापणी झाली, घरात धान्य आले की तिचे येणे. मजुरी बहुधा भातातच, वर विड्याची पाने, एखादे जुने लुगडे. घराच्या पुढच्या ओट्यावर, ज्याला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात, किंवा गोठ्याच्या सावलीत ती बसे. दोन-तीन सुया एकत्र बांधलेल्या, करवंटीत काजळी आणि पाल्याचा रस. नक्षी आधी काडीने हातावर उमटवायची, मग त्यावरून टोचत जायचे, आणि शेवटी हळद चोपडायची. टोचून घेणारी पोर कळवळू लागली की गाणे म्हणायचे. या सबंध व्यवहारात पुरुषाला जागा नव्हती. गोंदणारी स्त्री, गोंदवून घेणारी स्त्री, हात धरून बसणारी आई किंवा आत्या, आणि भोवती शेजारच्या बायका. नक्षीही ठरलेली : ठिपक्यांभोवती वळसे घेत जाणारी, जिचे टोक सापडत नाही अशी रेषा. हीच रेषा रोज पहाटे तांदळाच्या पिठाने उंबऱ्यासमोर काढली जाते. तिला ‘कोलम’ म्हणतात. उंबऱ्यावरचा कोलम दुपारपर्यंत पायांखाली पुसला जातो. दंडावरचा जन्मभर राहतो.

आता या नक्षीला नवऱ्याच्या मालकीचा शिक्का म्हणणाऱ्यांनी एका साध्या वस्तुस्थितीचे उत्तर द्यावे. विवाहित स्त्रीच्या अंगावरचे जे जे म्हणून चिन्ह आहे, ते नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेले आहे. तमिळ घरात ताली, मराठी घरात मंगळसूत्र. कुंकू, फुले, जोडवी, बांगड्या. नवरा मेला की एकेक करून हे सारे उतरवले जाते, फोडले जाते, पुसले जाते, आणि ते उतरवण्याचेही विधी असतात. सोन्यावर तर जिवंत नवऱ्याचाही हक्क : एक साल पाण्याने दगा दिला, मेट्टूरच्या धरणातून वेळेवर पाणी सुटले नाही, की बायकोच्या कानांतले कुंभकोणमच्या सावकाराकडे गहाण पडते. (ते धरण १९३४ साली पुरे झाले. त्याआधी हाच दगा थेट नदी देत असे.) या उतरंडीत एकच अलंकार असा आहे की जो विधवेच्या अंगावरून कुणाला काढून घेता येत नाही, सावकाराला तोलता येत नाही, दीर-जावांना वाटून घेता येत नाही. मेल्यावर बरोबर येते ते गोंदण, बाकी सगळे इथेच राहते, ही समजूत महाराष्ट्रातही आहे आणि कावेरीकाठीही आहे. भाबडी म्हणून ती उडवून लावली जाते. वस्तुतः तिच्यात मालमत्तेच्या कायद्याचे एक जळजळीत भान आहे. ज्या समाजात स्त्रीला जमिनीचा वाटा नाही, स्त्रीधनही नावापुरतेच, त्या समाजातल्या बायकांनी आपली म्हणून जपावी अशी एकच वस्तू शोधून काढली आणि ती कातडीखाली ठेवली.

मंगळसूत्राला लागू पडणारा न्याय गोंदणाला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यासाठी. त्रिभुज प्रदेश ही स्वाभिमान चळवळीची भूमी. मायिलाडुदुरैजवळच्या मूवलूरच्या रामामिर्दम अम्मैयार यांनी १९३६ साली ‘दासिगळ मोसवलै’ ही कादंबरी लिहून देवदासी प्रथेची लक्तरे वेशीवर टांगली. १९४७ साली मद्रास इलाख्यात ती प्रथा कायद्याने बंद झाली, त्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत. देवाच्या नावाने स्त्रीवर उमटवलेल्या चिन्हाविरुद्धचा तो लढा न्याय्यच होता. पण चिन्ह म्हटले की सारी चिन्हे एका दावणीला बांधायची, हा आळस त्या लढ्याच्या नावावर खपवू नये. चोळांच्या काळात देवळाच्या सेवेत अर्पण केलेल्या स्त्रियांवर त्रिशूळाची मुद्रा उठवली जात असे. कालहस्तीचा एक शिलालेख कुलोत्तुंग पहिला याच्या कारकिर्दीतला आहे. देवळाच्या काही स्त्रियांवर चुकून राजवाड्याची मुद्रा उठवली गेली आणि मग त्यांना परत देवाकडे सोपवून त्यांच्यावर त्रिशूळ उमटवण्यात आला, असे तो सांगतो. देव आणि राजा यांच्यातली ही हिशेबाची चूक दुरुस्त झाली. त्या बायकांना दोनदा डागले गेले, याबद्दल शिलालेखाला काही म्हणायचे नाही. हा खराखुरा मालकीचा शिक्का. तो उठवणारा हात राजाचा किंवा देवळाच्या कारभाऱ्याचा आहे, आणि चिन्ह नावनिशीवार एका धन्याचे आहे. ओट्यावर बसून भाताच्या मोबदल्यात टोक नसलेली रेषा टोचणारी कुरत्ती आणि ही मुद्रा यांना एकाच शब्दात कोंबणारी समीक्षा स्त्रीच्या बाजूची असल्याचा दावा करते, पण पाहते ती मालकाच्याच डोळ्यांनी. त्या डोळ्यांना देहावरचे कोणतेही चिन्ह स्वतःचेच वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो लटका नाही. गोंदवून घेणारी मुलगी बहुधा लहान असे. तिला कुणी विचारीत नसे. तिला धरून बसवले जाई, आणि ‘न गोंदलेल्या हाताचे पाणी कोण पिणार’ या धाकाने तिची आईच तिला पुढे ढकली. हे खरे आहे. बायकांनी बायकांवर केलेली सक्ती ही सक्तीच असते, आणि गाण्याने वेदना कमी होत नाही. गोंदणाची महती गाणाऱ्यांनी ती किंकाळी वगळून नक्षी तेवढी उचलू नये. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. मुलीचे कान टोचताना, तिला ऋतू आल्यावर कोपऱ्यात बसवताना, तिचे लग्न ठरवताना कुणी तिला विचारीत होते, असे नव्हे. त्या सगळ्या सक्तींच्या शेवटी तिच्या हाती काही उरत नसे. या एका सक्तीनंतर मात्र असे काही उरे जे मरेपर्यंत तिचे होते. मोठेपणी, स्वतःच्या कमाईच्या भातातून, पहिल्या नक्षीशेजारी दुसरी नक्षी काढून घेणाऱ्या बायका होत्या. त्यांना कुणी धरून बसवले नव्हते. त्यांचा हिशेब कोणत्याच पक्षाच्या खातेवहीत नाही.

आणि त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला कुरत्ती आहे. पुरुषाच्या सोबतीवाचून गावोगाव फिरणारी, स्वतःच्या कसबावर कमावणारी, परक्या घरच्या लेकीसुनांचा हात हातात घेण्याचा अधिकार असलेली ही बाई गावाला हवीही होती आणि नकोही होती. या दुटप्पीपणाचे सर्वात मोठे साहित्यिक स्मारक म्हणजे ‘कुरवंजी’ हा नाट्यप्रकार. सतराव्या-अठराव्या शतकांत तमिळ प्रदेशात तो बहरला, तिरुवारूरच्या त्यागराजाच्या मंदिरात रमला, आणि तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाला आला. कथानक साधारण ठरलेले : देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहून उच्चकुलीन नायिका झुरते, मग डोंगरातून कुरत्ती येते, नायिकेचा हात पाहते, तिच्या मनातल्या पुरुषाचे नाव सांगते आणि दागिन्यांनी मढून परत जाते. नाटकाचा खरा रंग मात्र याच्यानंतर भरतो. कुरत्तीचा नवरा तिला शोधत येतो. तिच्या अंगावर ओळखीचे नसलेले दागिने पाहून त्याच्या पोटात गोळा येतो. हे काय, ते कुठले, पायाला हा साप कसला गुंडाळला आहे, अशी एकेका अवयवाची तो झडती घेतो. आणि ती शांतपणे सांगत जाते की हे अमक्या देशात मिळाले, ते तमक्या राणीने दिले. नवरा स्त्रीच्या देहाकडे संशयाने पाहतो आणि तिथे त्याला तिची स्वतःची कमाई आढळते. स्त्रीदेहाच्या वाचनाची समीक्षा लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग वाचलेला असावा, अशी अपेक्षा चुकीची ठरू नये.

दुसऱ्या सरफोजीच्या काळात (१७९८–१८३२) त्याच्यावरच रचलेली ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या मंदिरात नाचली-गायिली जाई. ती तमिळमध्ये आहे. खुद्द सरफोजीच्या नावावर मात्र मराठीतली ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे, आणि ती जगावेगळी आहे. तिच्यात कुरत्ती इंद्राणीला भविष्य सांगते, पण त्याआधी आपण कुठे कुठे फिरलो ते सांगण्याच्या मिषाने पृथ्वीचा भूगोल सांगते : खंडे, देश, शहरे, युरोप आणि अमेरिकेसकट. राज्यकारभार इंग्रजांकडे गेलेला, सत्ता जेमतेम किल्ल्यापुरती उरलेली, अशा राजाला नव्या जगाची माहिती आपल्या भाषेत आणायची होती. ती सांगायला त्याने पंडित निवडला नाही, पाद्री निवडला नाही, दरबारातला दुभाषा निवडला नाही. गावकुसाबाहेरची भटकी बाई निवडली. नाट्यप्रकाराची सोय म्हणून हे झाले असे म्हणता येईल. पण ती सोय तरी कशामुळे उपलब्ध झाली? फिरण्याने ज्ञान मिळते आणि ते ज्ञान असलेली स्त्री असू शकते, हे लोकांना पटण्याजोगे वाटल्याखेरीज अशी योजना रंगमंचावर तरत नाही. मराठी नाट्येतिहासात तंजावरच्या नाटकांचा मान फक्त ‘पहिले कोण’ या वादापुरता राहिला आहे. तिथल्या एका नाटकाने मराठीत भूगोल शिकवण्याचे काम एका गोंदणारणीच्या जातभगिनीकडे सोपवले, याचे कौतुक राहो, दखलही क्वचितच घेतली जाते.

रंगमंचावरचा हा मान आणि रस्त्यावरची वागणूक यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर पडत गेले. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१चा. मद्रास इलाख्यात तो १९११च्या नव्या कायद्याने लागू झाला, आणि त्याच्या कचाट्यात कुरवरांचे अनेक गट सापडले. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, मुक्काम हलवायचा तर पोलिसांना कळवायचे. तमिळ जनतेने या कायद्याला जे नाव दिले ते असे : ‘कैरेगै चट्टम’, हातावरच्या रेषांचा कायदा. शतकानुशतके जी जमात दुसऱ्यांच्या हातावरच्या रेषा वाचून पोट भरत आली, तिच्याच हातांच्या रेषा आता सरकार वाचू लागले. आणि ते वाचनही भविष्यकथनच होते, कारण जन्मण्यापूर्वीच मूल गुन्हेगार ठरत होते. त्या काळच्या पोलिसी लिखाणात कुरवर स्त्रियांविषयी एक ठरीव वाक्य सतत येते : भविष्य सांगण्याच्या आणि टोपल्या विकण्याच्या निमित्ताने या बायका घरे हेरून ठेवतात. पुरुषावर आरोप चोरीचा होता. स्त्रीवरचा आरोप मुळात फिरण्याचा होता, दाराशी येण्याचा, पाहण्याचा, बोलण्याचा. तिच्या धंद्याला जे जे लागते, ते ते गुन्ह्याचे लक्षण ठरले. हा कायदा मद्रासमध्ये १९४७ साली आणि देशभर १९५२ साली रद्द झाला. तमिळनाडूच्या विमुक्त जमातींच्या यादीत तंजावर जिल्ह्याचे नाव घालूनच ‘इंजी कोरवर’ ही नोंद आजही येते. लोकांच्या मनातला कायदा मात्र रद्द व्हायचा राहिला. ‘नरिकुरवर’ ही वेगळी, आर्यकुळातली बोली बोलणारी जमात. तिचा २०२३च्या आरंभी तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींत समावेश झाला. कुरवर आणि नरिकुरवर यांची सरमिसळ करण्यात वृत्तपत्रेही मागे नसतात, आणि संशयाच्या बाबतीत गावे तर कधीच फरक करीत नाहीत.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातले कैकाडी हे या कुरवरांचेच भाऊबंद. त्यांची बोली तमिळच्या जवळची, धंदा टोपल्यांचा, आणि माथी तोच १८७१चा शिक्का. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी साहित्याने या समाजाला पंगतीत घेतल्याचा आनंद साजरा केला. आनंद खरा होता. पण पुरुषाच्या आत्मकथनातून जमात दिसते तेव्हा तिच्यातली बाई विणताना दिसते, मार खाताना दिसते, पोरे काखोटीला मारून चालताना दिसते. सुई हातात घेऊन सवर्ण घरच्या सुनेचा दंड पकडून बसलेली तिची बहीण दृष्टीआड राहते. मराठी कवितेला ‘गोंदण’ हा शब्द आवडतो; शांता शेळके यांच्या एका संग्रहाचे नावच ते आहे. आठवणीचे गोंदण, मनावरचे गोंदण, काळजावरचे गोंदण. या रूपकाने मराठी भावकवितेची सेवा केली असेल. गोंदणारणीला त्यात जागा मिळाली नाही. ‘विणकाम’ म्हटले की विणकर आठवतो, ‘शिल्प’ म्हटले की शिल्पी. गोंदण मात्र जणू आपोआप उमटते.

अभ्यासकांनीही हेच केले. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन याने १८९८ साली संग्रहालयाच्या पत्रिकेत गोंदणावर टिपण लिहिले. ज्या अंकात ते आले त्याच अंकात मद्रासच्या युरेशियनांच्या देहांची मोजमापेही आहेत. नाकाची लांबी, कवटीचा घेर आणि दंडावरची नक्षी ही त्याच्या लेखी एकाच जातीची माहिती. जॉन लेयार्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९३७ साली दक्षिण भारतातल्या उंबऱ्यावरच्या आणि गोंदणातल्या नक्ष्या एकत्र ठेवून निबंध लिहिला आणि त्यांचे नाते पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरील मृतात्म्यांच्या प्रवासाशी, चक्रव्यूहाशी जोडले. कल्पना दिपवणारी आहे, आणि कदाचित तिच्यात तथ्यही असेल. पण तंजावरकडच्या ओट्यावरून मालेकुलाच्या बेटापर्यंत झेप घेताना मधली बाई गाळली गेली. पुढे १९७४ साली मद्रासच्या संशोधकांनी कोलमच्या रेषांतून गणकयंत्राच्या भाषेचे व्याकरण मांडले. उंबऱ्यावरचा कोलम असा गणितात गेला, विद्यापीठात गेला, स्पर्धांत गेला. दंडावरचा कोलम तसाच राहिला. पहिला काढणारी गृहिणी होती, दुसरा काढणारी कुरत्ती होती. या फरकाची किंमत यापेक्षा नेमकी कशी मोजावी?

दरम्यान सुई हातातून गेली. जत्रेत बॅटरीवर चालणारे यंत्र आले, ते पुरुषांच्या हाती होते. त्यांच्यापुढे बाईने बसायचे तर उघड्यावर, गर्दीत, परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन बसायचे. यंत्र झटपट चालते, नक्षी मात्र त्याला झेपत नाही. त्याला अक्षरे सोयीची. नावे पूर्वीही गोंदली जात, पण यंत्राने नावांचे पीक आले. त्यातले नाव नवऱ्याचे, प्रियकराचे, नटाचे, नेत्याचे. म्हणजे आज ज्या नावाकडे बोट दाखवून समीक्षक ‘पाहा, पुरुषसत्तेची लिपी’ असे म्हणतो, ती लिपी बहुतांशी सुई पुरुषाकडे गेल्यानंतरची आहे. ओट्यावरच्या व्यवहारातली टोक नसलेली रेषा कुणाचेच नाव घेत नव्हती.

हाताचा प्रश्न गौण नाही, याची दोन उदाहरणे पुरेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये जयललितांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसानिमित्त चेन्नईत शेकडो कार्यकर्त्यांच्या दंडांवर त्यांचा चेहरा गोंदवण्याचा जाहीर सोहळा झाला. पुरुषांच्या दंडावर स्त्रीचा चेहरा, म्हणजे लिंगभावाची केवढी उलथापालथ, असे कुणाला वाटू शकेल. दूरचित्रवाणीवर दिसल्या त्या वेदनेने तोंड वेडेवाकडे करणाऱ्या म्हाताऱ्या, आणि सभोवती टाळ्या. चेहरा स्त्रीचा असला तरी रीत कालहस्तीचीच. दुसरे उदाहरण टाळ्यांशिवायचे आहे. १९९३च्या डिसेंबरमध्ये अमृतसरला पोलिसांनी सांसी जमातीच्या चार स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ असा शब्द गोंदवला. सांसीही गुन्हेगार जमातींच्या त्याच जुन्या यादीतले. संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. इथे अक्षरे आहेत, लेखक आहे, संहिता आहे; स्त्रीदेह पान झाल्याचे याहून उघड उदाहरण मिळणार नाही. या गोष्टीसाठी जे वाक्य राखून ठेवायला हवे होते, ते पापनाशमच्या म्हातारीच्या दंडावरच्या ठिपक्यांवर खर्च केले गेले.

शहरातल्या दुकानात आता स्त्रियाही यंत्र चालवतात, आणि जुन्या नक्ष्यांना तिथे मागणी आहे. कोलम पुस्तकातून किंवा पडद्यावरून उतरवून घेतला जातो, दाम रोख मोजला जातो. त्यात गैर काही नाही. खटकते ते एवढेच की या नव्या पिढीला स्वतःचे धाडस आजीपेक्षा मोठे वाटते, आणि तसे वाटावे म्हणून आजीला आधी अडाणी ठरवावे लागते. ज्या बाईने चिखलात वाकून भाताची लावणी केली, मजुरीतला मापभर भात बाजूला ठेवला आणि तो देऊन, न मिटणारी, न विकली जाणारी वस्तू अंगावर घेतली, तिने काय मिळवले हे तिला कळत होते. तिला ते देणारी दुसरी बाई त्याहूनही पुढे होती. तिला घर नव्हते, पण हुन्नर होता, आणि त्या हुन्नराच्या बळावर जातीने मनाई केलेल्या उंबऱ्यापर्यंत तिचा हात पोचत होता. स्पर्शाच्या विटाळाने ग्रासलेल्या गावात गोंदणारणीचा स्पर्श, तोही रक्त काढणारा, कसा चालत होता, या प्रश्नावर एखादा प्रबंध व्हायला हवा होता.

बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराजाने चारशे नर्तकींची नावे कोरवली : कोण, कुठल्या देवळातून आणली, कोणत्या गल्लीत कोणत्या घरी राहते, भाताचा वाटा किती. त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. दगडावर नाव यायला देवळाची किंवा राजाची चाकरी लागते. फिरत्या बाईचे नाव तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. पण संग्रहालयांच्या नोंदवह्या दगडाच्या नाहीत. त्यांत गोंदणाच्या नमुन्यापुढे नक्षीचे नाव लिहिले जाते, अंगाचा भाग लिहिला जातो, गाव आणि जात लिहिली जाते. ‘कोणी गोंदले’ हा रकाना पाडायला एक रेघ पुरेल. तो भरण्यासाठी ज्यांना विचारायचे त्या बायका आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि कुरवरांच्या वस्त्या कुठे आहेत ते पोलीस ठाण्याला केव्हापासून माहीत आहे.